अण्णांचा टँक, लिंबाचा हौद

फरशीच्या दुकानात कसले आलेत किस्से, असं मला लोक विचारतात. त्यांना मी दुकानामागं नेतो. तिथं फुटक्या फरश्यांचा ढीग आहे. प्रत्येक पेटीत एखादी फुटकी निघतेच. ती बसवता येत नाही आणि टाकवतही नाही. किश्श्यांचंही तसंच आहे! ढीग वाढत जातो, आणि संध्याकाळी दोस्तमंडळी चहाला बसली की त्यातला एखादा तुकडा उचलून दाखवायचा.

गेवराईत आमचं दुकान अब्बांच्या वेळेपासून आहे. घरं, मंगल कार्यालयं, मंदिरं, मशिदी, सगळ्यांना आम्ही फरशी दिली. हल्ली हायवेच्या बाजूनं बंगले उठले आणि एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलं. स्विमिंग टँकवालं! उन्हाळ्यात जिथं टँकरचा हॉर्न वाजला की बाया हंडे घेऊन पळतात, त्याच शिवारात पोहायचा टँक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता नाही हसू येत. तुम्हाला आलं तर हसा, माझी काही हरकत नाही.

* * *

अण्णा म्हणजे आमच्या भागातले मोठे गुत्तेदार, ठेकेदारी करणारे. चकलांब्याच्या रस्त्याला त्यांनी शेत घेतलं, बंगला बांधला आणि एक दिवस चार माणसं मागं घेऊन दुकानात आले.

"मुनीरशेठ, टँक बांधायलोय. सगळ्यात भारी फरशी काढा!"

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि समजावून सांगितलं. टँकला दोन गोष्टी लागतात. एक, भोवतीची फरशी. दुसरी, अगदी पाण्याच्या काठावरचा दगड, ज्याला आम्ही कोपिंग म्हणतो. पोहणारा माणूस तोच धरून वर येतो. दोन्ही ठिकाणी ओला पाय घसरायला नको आणि उन्हात तळवा पोळायला नको. तेव्हा फिकट रंगाचा, खरबरीत दगड घ्या. बिनपॉलिशची शहाबादीसुद्धा चालेल.

शहाबादीचं नाव काढलं आणि अण्णांचं तोंड कडू झालं. "शहाबादी आमच्या गोठ्यात हाय! जिच्यावर म्हशी मुतल्या, तिच्यावर मी आमदार उभा करू?"

आमचे मिस्त्री हारूनचाचा कोपऱ्यात बसून बशीतून चहा पीत होते. दुकानाइतकेच जुने आहेत ते, कुणाला भीत नाहीत. म्हणाले, "म्हशी घसरल्या का पण कधी?"

अण्णांनी आरशासारखी पॉलिश केलेली काळी ग्रॅनाइट पसंत केली आणि काठाला पांढराशुभ्र संगमरवर. "तोंड दिसलं पायजे फरशीत!" म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, एवढी घाई नको. जागेवर येतो, उन्हात सॅम्पल ठेवतो, मग ठरवा.

* * *

जागेवर गेलो तर तिथं लिंबा भेटला.

लिंबा शेळ्यावाला. त्याच्या बापापासून त्यांची जनावरं त्या शेतातल्या विहिरीवर पाणी प्यायची. विहिरीला लागून घडीव दगडाचा लांबलचक हौद होता. मोटर सुरू झाली की आधी हौद भरायचा आणि मग पाटाला पाणी सुटायचं. आधीच्या मालकाची तशी रीतच होती. अण्णांनी शेत घेतलं तेव्हा लिंबाला हौदाची काळजी लागली. आजूबाजूला दुसरं पाणी नाही. हौद गेला की शेळ्या गेल्या, आणि शेळ्या गेल्या की त्याच्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

अण्णांनी त्याला बोलावून राखणदार केलं. पगार नावाला. "पण हौद तुझा. त्याला हात लावणार न्हाई. शब्द हाय आपला!"

तेवढ्या शब्दावर लिंबा रात्रंदिवस राखण करायचा. मी टेप काढली की मागं येऊन उभा राहायचा. "शेठ, तुमची फरशी हौदापातुर येती का?"

"नाही येत रे. अण्णांनी शब्द दिलाय ना?"

"दिलाय की. म्हणून तर इचारायलो."

परत येताना गाडीत हारूनचाचा म्हणाले, "अण्णाचा शब्दबी पॉलिशवालाच हाय बेटा. पाय देऊन बघायचा, मग कळतंय."

* * *

आता आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. बाहेर बसवायची फरशी असेल तर भर दुपारी सॅम्पल उन्हात मांडायचे, त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि गिऱ्हाइकाला अनवाणी चालायला लावायचं. एसीत बसून, बूट घालून निवडलेली फरशी नंतर भांडण काढते.

मे महिना होता. अण्णांच्या जागेवर मी चार तऱ्हेचे दगड मांडले. टळटळीत ऊन. अण्णा आले, सोबत नेहमीची माणसं.

"अण्णा, बूट काढा."

"कावून?"

"चालून बघायचंय."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. देवळाशिवाय ते कुठं बूट काढत नसत, आणि फरशीवाल्यापुढं तर शक्यच नव्हतं. "माझेच पाय कशाला पायजेत? ये लिंबा! हिकडं ये. उभा ऱ्हा ह्याच्यावर."

लिंबानं तुटकी चप्पल बाजूला काढली आणि काळ्या ग्रॅनाइटवर उभा राहिला. मी हात लावून बघितला होता, बोटं चटकली होती. लिंबा मात्र निवांत! जन्मभर कुसळांतनं आणि खडकांतनं चाललेला माणूस. त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तरी त्याला संध्याकाळी कळायचं.

"पोळतंय का बे?"

"न्हाई जी."

"घसरतंय का?"

लिंबानं पायाची बोटं दगडावर रोवली. भेगाळलेल्या टाचा, त्या काय घसरणार! "न्हाई जी. ग्वाड वाटतंय."

"ग्रॅनाइट पास!" अण्णांनी टाळी वाजवली.

मी कळवळून म्हणालो, "अहो अण्णा, पोहणार कोण? तुम्ही का लिंबा?"

"काय बोलता मुनीरशेठ!" अण्णा खदाखदा हसले. "लिंबा कशाला पवतोय?"

* * *

सगळेच असे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. नेकनूरकडच्या एका डॉक्टरांनी टँक बांधला. माणूस शहाणा. बूट काढले, पँट वर केली, भर उन्हात चालून बघितलं आणि फिकट खरबरीत दगड घेतला. काठाला गोल कडेचं कोपिंग बसवलं. मला इतका आनंद झाला की मी स्वतः उभं राहून काम करून घेतलं.

उन्हाळ्यात सहज बघायला गेलो तर टँकवर पत्र्याचं झाकण आणि झाकणाला कुलूप!

"डॉक्टर, हे काय?"

"टँकरचं पाणी साठवलंय. वर्षभर पुरवायचंय."

"आणि पोहायचं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "पोहायला पुण्याला जातो की आम्ही. घरचं पाणी कोण घाण करतंय?"

* * *

परत अण्णांकडं. पुण्याहून आर्किटेक्ट मॅडम आल्या. बाई वागायला चांगल्या, कुणाला टाकून बोलायच्या नाहीत. त्यांनी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. मधे निळा टँक, चहूबाजूंनी सारख्या रुंदीची काळी फरशी, त्यावर आरामखुर्च्या, छत्र्या. विहीर होती, तिला सुंदर जाळी होती. हौद कुठं दिसेना.

मी विचारलं, "मॅडम, इथं हौद आहे."

"ते व्ह्यूमध्ये येतं ना. आणि जनावरं येणार, माश्या येणार."

लिंबाचा हौद मनात होता, म्हणून मी आदल्या दिवशीच कागदावर एक नकाशा काढून आणला होता. एका बाजूची फरशी थोडी आवरती घेतली, मधे मेंदीचं कुंपण घातलं, की हौदही वाचतो आणि माश्याही इकडं येत नाहीत. मॅडमनी कागद नीट बघितला. "चारही बाजू सारख्या असल्या की छान दिसतं," एवढंच म्हणाल्या.

लिंबा लांबून बघत होता. त्यानं चाचांना हळूच विचारलं, "व्ह्यू म्हंजी काय ओ?"

चाचा म्हणाले, "अण्णाला जे दिसाया नको, ते."

सगळे अण्णांच्या तोंडाकडं बघायला लागले. अण्णांनी एकदा लॅपटॉपकडं बघितलं, एकदा हौदाकडं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "हौद पाडायचा न्हाई! शब्द म्हंजी शब्द!" लिंबानं लांबूनच हात जोडले. खरं सांगतो, त्या दिवशी मला अण्णांचं कौतुक वाटलं. दुकानात येऊन मी ते चार जणांना सांगितलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात माल घेऊन गेलो. हौदाच्या जागी सपाट काँक्रीट! हौद आत तसाच होता. त्यात मुरूम भरला होता, वर सळ्या टाकून स्लॅब ओतला होता, आणि त्यावर फरशी बसवायला मजूर चाचांची वाट बघत होते.

"अण्णा, हे काय केलंत?"

"काय केलं? हौद हाय ना आत? एक तरी दगुड हलवला का?" अण्णा खरोखर दुखावले होते. "मी दिलेला शब्द मोडत न्हाई. इचारा लिंबाला! ये लिंबा! हात लावला का आमी तुझ्या हौदाला?"

सेंट्रिंगवाले थांबले, मजूर थांबले. लिंबा स्लॅबकडं बघत होता. नोकरी तेवढी राहिली होती.

"न्हाई साहेब," लिंबा म्हणाला.

"आइकलं?" अण्णा मला म्हणाले.

चाचांनी ती फरशी बसवली, कामच होतं ते. पण तेवढ्या भागात नेहमीसारखं गुणगुणले नाहीत.

* * *

टँक भरला, पूजेला अण्णांच्या आई आल्या. म्हातारी गावातल्या जुन्या घरी राहते. बंगल्यात करमत नाही म्हणते. तिला कुणी कोपिंग वगैरे सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी नवं पाणी लागलं होतं, बस्स! पदर खोचून ती काठावर बसली, पांढऱ्या संगमरवरावर मूठभर हळद, मूठभर कुंकू, त्यावर तेल, आणि काय होतंय ते कुणाला कळायच्या आत काठावर दाणकन नारळ फोडला. संगमरवराच्या कडेचा टवका उडून टँकमध्ये पडला.

मॅडम "अहो आजी!" म्हणून किंचाळल्या. तेलातली हळद संगमरवरात जी मुरली ती आजपर्यंत निघालेली नाही. माझ्या माणसानं ॲसिड सोडून सगळं लावून बघितलं.

पण म्हातारीचं समाधान झालं नव्हतं. "जनावरं कुठं हायती? नव्या पाण्याचा पयला घोट जनावराला पाजायचा आसतोय."

"आई, ही विहीर न्हाई," अण्णा म्हणाले.

"पाणी हाय का न्हाई?"

पाहुण्यांसमोर आईशी वाद कोण घालणार! लिंबाला हाक गेली. लिंबाचं तोंड मला आठवतंय. त्या दिवसांत शेळ्या पार चकलांब्यापर्यंत पाण्याला न्याव्या लागत होत्या. निम्म्या त्यानं मेहुण्याकडं ठेवल्या होत्या. त्याला वाटलं, म्हातारी आपली बाजू घेतेय, आता काहीतरी होईल.

त्यानं त्यातल्या त्यात चांगली, पांढरी शेळी आणली. ती ग्रॅनाइटवर आली आणि चारी पाय चारी दिशांना! उठायची, परत बसायची. पाहुणे हसून हसून बेजार. मोबाइल निघाले. शेवटी लिंबानं तिला उचलून घेतलं, काठापर्यंत नेलं आणि तिचं तोंड पाण्याजवळ धरलं.

शेळीनं वास घेतला, फुरफुरली आणि मान फिरवली. लिंबानं ओंजळीत पाणी घेऊन तिच्या तोंडापुढं धरलं. तहानलेली होती बिचारी, तरी तिनं तोंड लावलं नाही.

"औषिद हाय ह्याच्यात, आई," लिंबा हळू आवाजात म्हणाला. "ती न्हाई प्यायची."

अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही हात पसरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ आई! शेळीलाच नको हाय. आता मी काय करू?"

* * *

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी पार्टी ठेवली. बीडहून एक मोठे पुढारी आले, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. दुपारचं जेवण, मग टँक. साहेबांनी चप्पल काढली, टॉवेल खांद्यावर टाकला, रुबाबात ग्रॅनाइटवर पाय ठेवला आणि "आयाया!" करून जी उडी मारली ती दुसऱ्या फरशीवर. तीही तेवढीच तापलेली! तिथून तिसऱ्या. कार्यकर्त्यांना आधी वाटलं साहेब मूडमध्ये आहेत, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी धावत जाऊन खताची रिकामी पोती भिजवून आणली आणि त्या आरशासारख्या ग्रॅनाइटवर अंथरली. साहेब पोत्यांवरून टँकपर्यंत गेले.

संध्याकाळी अण्णांचा फोन. "तुमची फरशी फॉल्टी हाय!"

"अण्णा, तुम्ही उन्हात पास केली होती."

"मी न्हाई, लिंबानं केली! त्याला काय कळतंय?"

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गेलो. फरशी बदला म्हणालो, निदान चालायच्या वाटेवर तरी फिकट दगड टाकू. अण्णांना ते पटेना, तोंड दिसत होतं ना त्यात! त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. विहिरीच्या मोटरला पाइप जोडला होता आणि तो लिंबाच्या हातात दिला होता. अण्णा बंगल्यावर असले की दुपारभर फरशीवर पाणी मारत राहायचं.

लिंबा पाणी मारत होता. टाकलेलं पाणी चर्रकन वाळायचं, मग तो पुन्हा पहिल्या कोपऱ्याकडं जायचा. त्याच विहिरीचं पाणी होतं ते. ज्या भागाखाली हौद गाडला होता, तिथंही तो मारत होता.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. विचारलं, "शेळ्या कशा आहेत?"

"हायती पाच-सात." त्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला. मग काळ्या फरशीकडं बघून म्हणाला, "शेठ, दगुड लई पितो की ओ!"

* * *

शेवटचा किस्सा गेल्या महिन्यातला.

अण्णांनी बोलावलं. म्हणाले, एक नग बनवून पाहिजे, खास. मला वाटलं, चला, कोपिंगचा उडालेला टवका बदलायचा असेल.

गेलो तर व्हरांड्यात पिवळसर रंगाचा तगडा विलायती कुत्रा, जीभ बाहेर काढून बसलेला. पुण्याहून आणला म्हणाले. त्याची साखळी लिंबाच्या हातात होती. शेळ्या बाजारात विकून झाल्या होत्या, मला ते चाचांकडून कळलं होतं. अण्णाच म्हणाले, "लिंबा आता मोकळाच हाय. आन जनावराचं त्याला कळतंय. म्हणून ह्याचं समदं त्याच्याकडं दिलंय."

लिंबानं मला रामराम केला. मी सलाम केला.

"तर मुनीरशेठ, ह्याच्यासाठी टँकच्या बाजूला एक पाण्याचं भांडं पायजे. दगडाचं. अखंड दगुड कोरून करा."

"कुठला दगड घेऊ?"

"तापणारा नको. दिवसभर पाणी गार ऱ्हायलं पायजे. आन कड चांगली गोल करून घ्या, प्यायला वाकलं की गळ्याला लागाया नको. लिंबा दर तासाला पाणी बदलंल. टँकचं न्हाई, विहिरीचं ताजं. औषिदाचं पाणी पीत न्हाई तो."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, एवढं कशाला? घरातलं एखादं पातेलं ठेवा की भरून!"

अण्णांना मनापासून वाईट वाटलं होतं, मला ते दिसत होतं. त्यांनी खाली बसून कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. लिंबानं साखळी थोडी सैल सोडली.

"असं कसं बोलवतंय ओ तुमाला?" अण्णा म्हणाले. "मुकं जनावर हाय ते. तहान लागली तर कुणाला सांगणार?"